ताप गुड्यावर, उत्तर तालुक्याला

'पाणी लागणं' म्हणजे काय, हे पैनगंगेच्या दोन्ही काठांवर कुणाला समजावून सांगावं लागत नाही. माणूस नोकरीनिमित्त डोंगराकडच्या गावी जातो, तिथला पहिला पावसाळा काढतो आणि पोळ्याच्या सुमारास गोधडी गुंडाळून थडथडत बसतो. दिवसाआड ताप चढतो, घाम फुटून उतरतो, पुन्हा चढतो. चेहरा पिवळा पडतो, डाव्या बरगडीखालची पाणथरी हाताला लागेल इतकी वाढते. पाणी लागलं, असं म्हणून लोक त्याला परत पाठवतात. ज्यांना परत जायला दुसरं गाव नसतं, ती माणसं तिथंच राहतात. आदिलाबादच्या डोंगरांत अशी माणसं पिढ्यान्‌पिढ्या राहिली. त्यांच्या तापाला खरं नाव कधी मिळालं, कुठं मिळालं आणि ते नाव त्यांच्यापर्यंत पोचायला किती दिवस लागले, याची ही हकीकत आहे.

आदिलाबाद तेव्हा निजामाच्या राज्यात होतं, आणि त्या तापामागचं कोडं सुटलं तेही निजामाच्याच मुलखात. तापाचा परजीवी रक्तात असतो, हे फ्रेंच लष्करी डॉक्टर लाव्हेराँ यांनी १८८० मध्येच अल्जीरियात पाहिलं होतं. तो माणसाच्या अंगात शिरतो कसा, हे मात्र कळत नव्हतं. ऑगस्ट १८९७ मध्ये सिकंदराबादच्या छावणीजवळ, बेगमपेठेत, रोनाल्ड रॉस हा लष्करी डॉक्टर डास चिरत बसला होता. हुसेन खान नावाच्या रुग्णाला तो डास चावून घ्यायचे पैसे देत असे, डासामागं एक आणा. दहा डास, दहा आणे. वैद्यकाच्या इतिहासात इतकं स्वस्त पडलेलं नोबेल दुसरं नसावं. पंखा चालवायची सोय नव्हती, कारण वाऱ्यानं चिरलेले डास उडून गेले असते. कपाळावरच्या घामानं सूक्ष्मदर्शकाचे स्क्रू गंजले होते आणि उरलेल्या शेवटच्या नेत्रभिंगाला तडा गेला होता. २० ऑगस्टला एका डासाच्या जठराच्या भिंतीत त्याला काळे कण असलेल्या गोल पेशी दिसल्या. हेच काळे कण मलेरियाच्या रुग्णांच्या रक्तात दिसत.

मला या प्रसंगात शोधाहून जास्त मोलाची वाटते ती रॉसची प्रयोगशाळा. एक टेबल, एक पितळी यंत्र, सुया, काचेच्या पट्ट्या आणि स्वतःचे डोळे. १८९७ मध्ये प्रयोगशाळा आधीच लहान होती, पेटीत घालून बैलगाडीनं नेता येईल एवढी. तरीही ती पुढची कित्येक दशकं तीनशे किलोमीटर उत्तरेच्या डोंगरांत पोचली नाही. म्हणजे यंत्राच्या आकारात अडचण नव्हती. ते यंत्र वाचणारा माणूस तिथं नव्हता, आणि त्याला पाठवावं असं वाटणारं सरकारही नव्हतं.

त्या डोंगरांकडं सरकारचं लक्ष गेलं ते गोळीबारानंतर. १९४० मध्ये जोडेघाटला गोंडांचा नेता कुमरम भीम पोलिसांच्या गोळीला बळी पडला. जंगल, जमीन आणि पाण्यावरच्या हक्कासाठी गोंड इतके का पेटले, हे समजून घ्यायला निजाम सरकारनं एका ऑस्ट्रियन मानववंशशास्त्रज्ञाला पाठवलं. क्रिस्टोफ फॉन फ्यूरर-हायमेनडॉर्फ हा महायुद्धात शत्रुराष्ट्राचा नागरिक ठरल्यामुळं हैदराबाद संस्थानात अडकून पडला होता. त्याची ही अडचण आदिलाबादच्या पथ्यावर पडली. बायको बेट्टीसह तो मारलवाईला झोपडी बांधून राहिला. १९४३ मध्ये तिथं गोंड शिक्षकांसाठी प्रशिक्षण केंद्र सुरू झालं, गोंडी भाषेची क्रमिक पुस्तकं देवनागरीत छापली गेली, आणि १९४८ मध्ये त्याचा राजगोंडांवरचा ग्रंथ आला. पुढं शिवकालाचे इतिहासकार म्हणून महाराष्ट्राला माहीत झालेले सेतुमाधवराव पगडी तेव्हा हैदराबादच्या सेवेत होते. आदिलाबादच्या गोंडांवर त्यांनी पुस्तक लिहिलं, गोंडीचं व्याकरणही लिहिलं. या डोंगरांतला कोणताही कागद कोणत्या भाषेत लिहावा, हा प्रश्न तेव्हाही सोपा नव्हता. गोंड गोंडी बोलतात आणि कोलाम कोलामी. गोंडांच्या कुळकथा गोंडीत गाणारे प्रधान घरात मराठी बोलतात. कचेरी उर्दूत होती, नंतर तेलुगूत गेली. ही भाषांची गोष्ट पुढं पुन्हा कामी येणार आहे.

स्वातंत्र्याच्या सुमारास देशात वर्षाला साडेसात कोटी लोकांना मलेरिया होत असे आणि आठ लाख मरत, असा अंदाज होता. १९५३ मध्ये नियंत्रणाचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला. १९५८ मध्ये त्याचंच 'निर्मूलन' झालं, म्हणजे निदान नावात तरी. दोन माणसं गावोगाव फिरू लागली, एक डीडीटीवाला आणि दुसरा मलेरियावाला. पहिल्याकडं पाठीवर पंप. भिंतींवर पांढरे ओघळ ठेवून तो निघून जाई. दुसऱ्याकडं खांद्याला पिशवी, तिच्यात काचेच्या पट्ट्या, सुई, स्पिरिटचा बोळा आणि क्लोरोक्विनच्या गोळ्या. दर पंधरवड्याला घरोघर जाऊन त्यानं विचारायचं, घरात कुणाला ताप आहे का? असला तर अनामिकेला सुई टोचायची, एकाच काचेवर एक जाड आणि एक पातळ असे रक्ताचे दोन थर द्यायचे, पातळ थरावर पेन्सिलनं नंबर टाकायचा, काच वाळवायची आणि पेटीत ठेवायची.

मग ती पेटी बसनं जाई. आदिलाबादच्या आतल्या गुड्यांपासून, म्हणजे आदिवासी पाड्यांपासून, बसचा रस्ताच कोसभर दूर, आणि पावसाळ्यात मधला ओढा चढला की कोसाचे दोन कोस. पेटी पोचली तरी काच लगेच वाचली जात नसे. आधी ती रंगवायची. दिल्लीच्या मलेरिया संस्थेत जसवंत सिंग आणि भट्टाचार्जी यांनी १९४४ मध्ये तयार केलेला देशी रंग, त्यांच्याच आद्याक्षरांनी 'जेएसबी' म्हणून ओळखला जाणारा, स्वस्त होता आणि झटपट काम देई. या रंगात परजीवीचं केंद्रक लाल आणि भोवतीचा भाग निळा दिसतो. तंत्रज्ञानं जाड थराची शंभर क्षेत्रं पाहायची, सापडला तर पातळ थरावर जात ओळखायची. व्हायव्हॅक्स असेल तर ताप पुन्हा पुन्हा येईल. फाल्सिपेरम असेल तर तो मेंदूत जाऊ शकतो आणि दोन दिवसांत माणूस जातो.

या दोहोंतला फरक कळेपर्यंत थांबायला वेळ नसे, म्हणून व्यवस्थेनं एक पळवाट काढली होती. सुई टोचतानाच प्रौढ माणसाला क्लोरोक्विनच्या चार गोळ्या द्यायच्या. मलेरिया धरून चालायचं. काचेचं उत्तर 'आहे' आलं की मग परत जाऊन पुरा उपचार द्यायचा, प्रायमाक्विनसह. पण मलेरियावाला उत्तर घेऊन गुड्यावर येईपर्यंत रुग्ण एकतर बरा होऊन शेतावर गेलेला असे किंवा उरलेलाच नसे. मोठ्या शहरात निदान आधी आणि औषध नंतर, इथं औषध आधी आणि निदान कधीतरी. मी याला निष्काळजीपणा म्हणणार नाही. ज्यानं हे ठरवलं त्यानं बसचं वेळापत्रक डोळ्यांसमोर ठेवून ठरवलं होतं.

पळवाट चालली तोवर चालली. १९६५ पर्यंत देशातले रुग्ण लाखभरावर आले. मग डास डीडीटीला सरावले, पैसा आटला, आणि १९७६ मध्ये आकडा चौसष्ट लाखांवर गेला. त्याच्या तीन वर्षं आधी, १९७३ मध्ये, आसामच्या कारबी आंगलाँगमध्ये क्लोरोक्विनला दाद न देणारा फाल्सिपेरम सापडला होता. ही बातमी आदिलाबादच्या गुड्यांसाठी डीडीटीच्या अपयशाहून वाईट होती. चार गोळ्या देऊन निश्चिंत होण्याचे दिवस संपत आले होते. औषध कोणतं द्यायचं, हे आता जात ओळखल्याशिवाय ठरणार नव्हतं.

१९७७ मध्ये कार्यक्रमाची फेररचना झाली. त्यातला एक निर्णय कुणी फारसा आठवत नाही. मलेरियाच्या प्रयोगशाळा मोठ्या मुख्यालयांतून उचलून प्राथमिक आरोग्य केंद्रांत आणल्या गेल्या. सूक्ष्मदर्शक तोच, रंग तोच, काच तीच, फक्त टेबल गावाकडं सरकलं. प्रयोगशाळा लहान करण्याचा आपल्याकडचा पहिला मोठा प्रयोग मी यालाच म्हणेन. सिलिकॉनची चिप फार नंतर आली. अर्थात टेबल आलं म्हणून त्यावर बसणारा तंत्रज्ञ आला, असं नाही. रिकाम्या जागेची चणचण मात्र डोंगरी भागाला कधी भासली नाही.

इकडं टेबल सरकत होतं, तेव्हाच जगाच्या दुसऱ्या टोकाला टेबलच नाहीसं करायचा खटाटोप सुरू झाला होता. १९७९ मध्ये स्टॅनफर्डला स्टीफन टेरीनं वायूंचं पृथक्करण करणारं अख्खं यंत्र एका सिलिकॉनच्या चकतीवर कोरलं. १९९० मध्ये स्वित्झर्लंडमधल्या आंद्रेआस मान्झनं कल्पनेला रूप दिलं: नमुना घेणं, मिसळणं, वेगळं करणं, मोजणं, ही प्रयोगशाळेची सगळी कामं केसाएवढ्या नळ्यांत एकाच तुकड्यावर करायची. लहान केल्यानं फक्त जागा वाचते, असं वाटतं. खरा फायदा वेगळा आहे. चुलीवर हंडाभर पाणी तापायला किती वेळ लागतो आणि फोडणीच्या पळीतलं तेल किती पटकन तडतडतं, हे ज्यानं पाहिलंय त्याला तो लगेच कळेल. थेंब जितका लहान, तितका तो लवकर तापतो, लवकर निवतो, आणि त्यातले रेणू एकमेकांना लवकर भेटतात.

मात्र गुड्यावर आधी पोचली ती चिप नव्हती. पोचला तो कागद. घरच्या घरी गर्भ आहे की नाही हे सांगणाऱ्या पट्टीचं तंत्र १९८० च्या दशकाच्या अखेरीस बाजारात आलं. पुढं त्याच तंत्रावर मलेरियाची पट्टी निघाली. भारताच्या कार्यक्रमात ती २००५ च्या सुमारास येऊ लागली, आणि २०१३ पासून फाल्सिपेरम व व्हायव्हॅक्स दोन्ही सांगणारी पट्टी सर्रास झाली. त्याच २००५ साली ग्रामीण आरोग्य अभियानानं गावातलीच आशा कार्यकर्ती नेमली. पट्टी आणि आशा या दोन गोष्टी एकाच वेळी आल्या नसत्या, तर दोहोंपैकी एकीचाही फारसा उपयोग झाला नसता.

पट्टीचं काम पाहण्यासारखं आहे. रक्ताचा बारीकसा थेंब, वर द्रावणाचे काही थेंब. दिव्याच्या वातीत तेल चढावं तसं रक्त कागदात चढू लागतं. वाटेत त्याला सोन्याचे कण भेटतात. ते इतके बारीक असतात की सोनं असूनही पिवळे न दिसता लाल दिसतात, आणि प्रत्येकाला एक प्रतिपिंड चिकटवलेलं असतं. फाल्सिपेरमनं रक्तात सोडलेलं एक प्रथिन या प्रतिपिंडाला सापडलं, की दोघं मिळून पुढं सरकतात आणि ठरलेल्या जागी अडकतात. तिथं लाल रेघ उमटते. शेजारची दुसरी रेघ एवढंच सांगते की पट्टी चालू आहे. पंधरा-वीस मिनिटं. सूक्ष्मदर्शक नाही, रंग नाही, वीज नाही, बस नाही. आणि उत्तर इंग्रजीतही नाही, तेलुगूतही नाही. दोन रेघा गोंड, कोलाम आणि प्रधान या तिघांनाही सारख्याच वाचता येतात.

कौतुक इथंच थांबवतो, कारण पट्टीच्या खोडीही आहेत. बरा झाल्यावरही ते प्रथिन कित्येक दिवस रक्तात रेंगाळतं, त्यामुळं मागच्या महिन्याचा मलेरिया आजही 'आहे' म्हणून दिसतो. मायक्रोलिटरला शंभर-दोनशेपेक्षा कमी परजीवी असतील तर रेघ उमटेलच असं नाही. काही परजीवींनी तर ते प्रथिन बनवणारं जनुकच टाकून दिलं आहे. शिवाय पट्टी उन्हात तापली की बिघडते, आणि आदिलाबादचा मे महिना पंचेचाळीस अंशांना टेकतो. म्हणून जुनी काच आजही मोडीत निघालेली नाही. ताप उतरत नाही आणि पट्टी 'नाही' म्हणते, अशा वेळी पुन्हा जाड थर, पातळ थर आणि जेएसबीची निळी बोटं.

क्षयाची गोष्ट याहून चिवट. मलेरिया चार दिवसांत निकाल लावतो, क्षय वर्षभर माणूस पोखरतो. सूक्ष्मदर्शकाला तो दिसायचा तर थुंकीच्या एका मिलिलिटरमध्ये हजारो जंतू असावे लागतात. औषधाला दाद देणारा आहे की नाही, हे जंतू वाढवून पाहायचं तर सहा-आठ आठवडे. जंतूंच्या जनुकावरून दोन्ही उत्तरं दोन तासांत देणारं जीनएक्सपर्ट हे अमेरिकी यंत्र जागतिक आरोग्य संघटनेनं २०१० मध्ये मान्य केलं. २००१ मध्ये अमेरिकेत टपालातून अँथ्रॅक्स पाठवला गेला, त्यानंतर टपाल खात्यानं पाकिटं तपासायला हेच तंत्र वापरलं होतं. टपालासाठी वापरलेलं यंत्र क्षयासाठी आलं ही चांगलीच गोष्ट, पण त्याला अखंड वीज आणि थंड खोली लागते. या दोन्ही गोष्टी एकत्र जिल्ह्याच्या गावीच मिळतात. म्हणजे थुंकीची डबी पुन्हा बसमध्ये.

यावरचं उत्तर गोव्यातून आलं, हे मराठी वाचकाला फारसं माहीत नसतं. बेंगळुरूच्या बिगटेक या संशोधन कंपनीत डॉ. चंद्रशेखर नायर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अनेक वर्षं एकच ध्यास घेतला होता: जनुक मोजण्याची पूर्ण क्रिया चिपवर आणायची आणि यंत्र बॅटरीवर चालवायचं. गोव्याच्या ट्युलिप समूहाशी भागीदारी होऊन मोलबायो ही कंपनी उभी राहिली, आणि वेर्ण्याच्या औद्योगिक वसाहतीतून 'ट्रूनॅट' बाहेर पडलं. यात दोन पेट्या असतात. पहिली थुंकीतून जंतूंचा डीएनए वेगळा करते. दुसरीत बोटाच्या पेराएवढी चिप घालायची, तिच्यात सगळी रसायनं आधीच वाळवून ठेवलेली असतात. त्यावर काही मायक्रोलिटर थेंब टाकला की चिप त्याला तापवते आणि निववते, पुन्हा तापवते आणि निववते. प्रत्येक फेरीत डीएनएच्या प्रती दुप्पट होतात. दुप्पट, चौपट, आठपट. बुद्धिबळाच्या पटावर तांदूळ ठेवणाऱ्याची गोष्ट ऐकलेल्या माणसाला तीस फेऱ्यांनंतरचा आकडा सांगायला नको. तासाभरात क्षय आहे की नाही ते कळतं, आणखी तासाभरात रिफॅम्पिसिन चालेल की नाही ते.

जागतिक आरोग्य संघटनेनं ट्रूनॅटला २०२० मध्ये मान्यता दिली. त्याच वर्षी एप्रिलमध्ये आयसीएमआरनं हीच यंत्रं कोविडसाठी वापरायला परवानगी दिली, आणि क्षयासाठी आणलेल्या पेट्या रातोरात साथीच्या कामाला जुंपल्या गेल्या. देशभर त्यांची संख्या वाढली ती मुख्यतः यामुळं. साथ ओसरल्यावर त्या पुन्हा क्षयाकडं वळल्या. एका रोगाच्या भीतीनं दुसऱ्या रोगाची प्रयोगशाळा गावाजवळ आली, असं वैद्यकात अनेकदा घडलं आहे. त्याचं श्रेय कुणी घेत नाही आणि घेऊही नये.

मलेरिया आणि क्षय बाहेरून येतात. आदिलाबादच्या रक्तात एक गोष्ट मात्र आतूनच आहे, आणि तीही मलेरियानंच घडवलेली. १९४९ मध्ये लायनस पॉलिंगनं दाखवलं की सिकलसेल हा एका रेणूचा आजार आहे. १९५६-५७ मध्ये व्हर्नन इन्ग्रामनं तो रेणू उलगडला: हिमोग्लोबिनच्या साखळीत एका जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन. एवढ्या एका बदलानं प्राणवायू कमी झाला की गोल लाल पेशी विळ्यासारखी वाकते, बारीक रक्तवाहिनीत अडकते, आणि सांधे, हाडं, छाती असह्य दुखू लागतात. दोन्ही पालकांकडून हा बदल आला तर आजार. एकाकडूनच आला तर माणूस ठणठणीत, फक्त वाहक. आणि १९५४ मध्ये ॲलिसननं आफ्रिकेत दाखवलं होतं की या वाहकांना फाल्सिपेरम सहसा मारू शकत नाही. मलेरियाच्या मुलखात हा बदल टिकला तो यामुळं. पाणी लागूनही जी माणसं तगली, त्यांच्यातल्या काहींच्या रक्तात ही ढाल होती, आणि त्यांच्या काही नातवंडांना तिची किंमत मोजावी लागते आहे.

भारतात हा बदल प्रथम १९५२ मध्ये निलगिरीच्या आदिवासींत नोंदला गेला. १९५८ मध्ये नागपूरच्या शुक्ला आणि सोळंकी यांनी मध्य भारतातली नोंद 'लॅन्सेट'मध्ये छापली. तेव्हाची तपासणी साधी होती. थेंबभर रक्तात सोडियम मेटाबायसल्फाइट मिसळायचं, वर काच ठेवून कडा बंद करायच्या, म्हणजे रक्ताचा श्वास कोंडायचा, आणि पेशी वाकतात का ते पाहत बसायचं. तरीही गुड्यांवर पोरांचे डोळे पिवळे झाले की कावीळ म्हणत, हाडं ठणकली की वात म्हणत, आणि ताप आला की अर्थातच पाणी लागलं म्हणत. काचेखालच्या वाकलेल्या पेशींना वाहक आणि रुग्ण यांत फरक करता येत नव्हता. तो फरक कळायला विद्युतप्रवाहानं हिमोग्लोबिन वेगळं करणारं यंत्र लागे, आणि ते मोठ्या दवाखान्यात.

१ जुलै २०२३ ला शहडोलमध्ये राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन मोहीम सुरू झाली. १७ राज्यांत, तेलंगणासह, चाळीस वर्षांखालच्या सात कोटी लोकांचं रक्त तपासायचं आणि २०४७ पर्यंत आजार संपवायचा, असा मनसुबा. एवढ्या लोकांना यंत्रापाशी नेणं शक्य नाही, म्हणून यंत्रच पट्टीत शिरलं. बोटाचा थेंब, कागद, प्रतिपिंडं, आणि दहा-पंधरा मिनिटांत रेघांवरून कळतं की हिमोग्लोबिन 'ए' आहे, 'एस' आहे की दोन्ही. विदर्भाच्या आदिवासी भागात लोक आता सरळ 'एएस पॅटर्न', 'एसएस पॅटर्न' असंच म्हणतात. शब्द इंग्रजी असला तरी तो घरात रुळला आहे.

तपासणीनंतर रंगीत कार्ड मिळतं, लग्नाआधी जुळवून पाहायला. गोंडांना लग्नाचा हिशेब नवा नाही. चार देवांचे, पाच देवांचे, सहा देवांचे, सात देवांचे, अशी त्यांच्या समाजाची 'सगा'वार मांडणी हायमेनडॉर्फनं तपशिलात लिहून ठेवली आहे. आपल्याच सगात सोयरीक होत नाही. मामा-आत्याच्या घरची सोयरीक मात्र चांगली मानली जाते, कारण ती घरं वेगळ्या सगात पडतात. देवांचा हा हिशेब पेशींच्या हिशेबाला अडवत नाही. मामाकडचा 'एस' आत्याकडच्या 'एस'ला भेटू शकतो, आणि भेटला तर प्रत्येक मुलामागं चारात एक शक्यता आजाराची. आता सोयरिकीच्या बैठकीत कार्ड पुढं ठेवायचं की नाही, हे ज्याच्या त्याच्या घरी ठरतं. पट्टीनं पंधरा मिनिटांत दिलेलं उत्तर बैठकीत बोलायला पाच वर्षं लागू शकतात. शेजारच्या गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांनी सुरुवातीच्या काळात सिकलसेल शोधला, तेव्हा लोकांनी ती आपली गरज मानली नव्हती, हे बंगांनीच अनेकदा सांगितलं आहे.

तेलंगणानं एक वेगळी वाटही चोखाळली. २०२१ च्या जूनमध्ये आदिलाबादसह १९ जिल्ह्यांत सरकारी निदान केंद्रं सुरू झाली. तिथं चाचण्या फुकट होतात, नमुने गाडीनं आरोग्य केंद्रांतून गोळा केले जातात आणि निकाल मोबाईलवर येतो. म्हणजे प्रयोगशाळा मोठीच ठेवायची आणि रस्ता लहान करायचा. मला ही वाट चिपच्या वाटेची विरोधक वाटत नाही. यकृत, मूत्रपिंड, थायरॉइड अशा वीस गोष्टी मोजायच्या असतील तर मोठं यंत्रच बरं. पण जिथं आदिलाबादहून नागपूर हैदराबादपेक्षा जवळ आहे, माणसं गंभीर झाली की यवतमाळ, सेवाग्राम गाठतात, आणि सीमेवरच्या जिवतीच्या डोंगरातली चौदा गावं दोन्ही राज्यांच्या मतदार यादीत आहेत, तिथं एका राज्याच्या संगणकातला निकाल दुसऱ्या राज्याच्या डॉक्टरला दिसत नाही. खिशातली पट्टी मात्र सीमा ओळखत नाही.

एका लहान चाचणीनं दुसऱ्या लहान चाचणीची गरज निर्माण केली, तीही सांगायला हवी. व्हायव्हॅक्स यकृतात लपतो, त्याला हुसकावायला चौदा दिवस प्रायमाक्विन द्यावं लागतं. पण ज्यांच्या रक्तात जीसिक्सपीडी हे विकर कमी असतं, त्यांच्या लाल पेशी या औषधानं फुटतात. हे १९५६ मध्ये अमेरिकेतल्या कैद्यांवरच्या प्रयोगांतून कळलं. हा दोषही जुन्या मलेरियाच्या मुलखांतच जास्त आढळतो. म्हणजे औषध देण्याआधी आणखी एक थेंब, आणखी एक हातात मावणारं यंत्र. मलेरियावाल्याच्या पिशवीत क्लोरोक्विनच्या चार गोळ्या होत्या, आताच्या पिशवीत प्रश्नच जास्त आहेत.

आणि उत्तर मिळाल्यावर? जनुकांत बदल करून सिकलसेल आटोक्यात आणणारा पहिला उपचार २०२३ मध्ये ब्रिटन आणि अमेरिकेनं मान्य केला. अमेरिकेत त्याची किंमत बावीस लाख डॉलर आहे. आदिलाबादच्या उतनूरमधल्या डॉक्टरनं तो आकडा वाचून बाजूला ठेवावा, एवढंच त्याचं आज काम. हाताशी आहे ती हायड्रॉक्सियुरियाची गोळी. ती नियमानं घेतली तर दुखण्याचे झटके खरोखर कमी होतात, रक्त चढवायची वेळ कमी येते. पण तीच गोळी पांढऱ्या पेशीही खाली आणू शकते, म्हणून मात्रा ठरवताना दर काही आठवड्यांनी आणि पुढं दर काही महिन्यांनी पेशी मोजाव्या लागतात. पेशी मोजायचं यंत्र पट्टीत शिरलेलं नाही. 'एसएस पॅटर्न' असलेल्या मुलीला आपल्याला काय झालंय ते गुड्यावरच, ओसरीत बसून, पंधरा मिनिटांत कळतं. गोळी चालू ठेवायची की थांबवायची, हे विचारायला मात्र तिची आई तिला घेऊन सकाळची बस धरते.